दोन्ही बाजू सरी

वेंकोबण्णा समोरच्या माणसाच्या डोळ्यांत कधी बघत नसत. ते ओठांच्या कोपऱ्यांकडे बघत. आधी उजवा, मग डावा, मग पुन्हा उजवा. तुम्ही त्यांना काहीही सांगत असा, मुलगा पास झाला, म्हैस व्याली, सासरे वारले, त्यांची नजर आपली ओठांच्या दोन टोकांवर. आणि बोलता बोलता तुम्ही हसलात, की ते समाधानानं मान डोलवत आणि म्हणत, "दोन्ही बाजू सरी."

सरी म्हणजे ठीक, बरोबर. कानडी मुलखात, चामराजपेटेत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आम्हां मराठी माणसांच्या तोंडात हा कानडी शब्द असा बसलाय, की आमच्यातला कुणी पुण्याला गेला तर तिथल्या टांगेवाल्यालाही "सरी" म्हणून येतो. पण वेंकोबण्णांचं 'सरी' निराळं. ते मास्तरांनी वहीवर शेरा मारावा तसं यायचं. गल्लीत नवी सून आली, बिचारी लाजून हसली, झालं, "दोन्ही बाजू सरी." जटकावाल्यानं घोड्याला शिवी घातली आणि स्वतःच हसला, "दोन्ही बाजू सरी." एकदा तर एका तेराव्याच्या जेवणात मयताच्या धाकट्या भावाला पंक्तीत कसलं तरी हसू फुटलं. बाकीचे मुकाट्यानं पानाकडे बघायला लागले. वेंकोबण्णा मात्र समोरून मोठ्यानं म्हणालेच, आणि त्या घरानं त्यांना पुन्हा कशालाही बोलावलं नाही.

ही साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. घरात मी आणि आई, दोघीच. वडिलांनी मागे ठेवलेली एकच मोलाची वस्तू घरात होती, ती म्हणजे इंग्रजी डिक्शनरी. कँटोन्मेंटातला कुणी साहेब विलायतेला परत जाताना त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी ती उचललेली. उशीएवढी जाड. शब्दाचा अर्थ तर ती सांगायचीच, पण तो कुठून आला, मुळात कुणाच्या घरचा, वाटेत त्याचं काय काय झालं, तेही सांगायची. आई तिला खणात गुंडाळून ठेवायची आणि दसऱ्याला तिच्यावर हळदकुंकू वाहायची. ती उंबऱ्याबाहेर न्यायची नाही असा वडिलांचा दंडक होता आणि तो मी पाळत होते.

माझ्याविषयी एवढंच सांगते, की मला चूक खपत नाही. वाण्याच्या पाटीवरचं स्पेलिंगसुद्धा मी उभ्या उभ्या दुरुस्त केलेलं आहे. लाल पेन्सिल पिशवीत कायम. आई म्हणायची, हिला नवरा मिळाला तर होमाच्या वेळी ही भटजींनाच थांबवेल.

वेंकोबण्णा आमच्याकडे यायचे ते त्या डिक्शनरीसाठी. दर रविवारी, दहाच्या सुमाराला. स्वच्छ पांढरा बंद गळ्याचा कोट, डोक्याला काळी टोपी, बोटांना लवंगेच्या तेलाचा वास. दारात चपला काढायचे आणि विचारायचे, "टीचरक्का, पुस्तक घरी आहे का?"

पुस्तक जणू भाजी आणायला मार्केटात गेलेलं असायचं! माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस, पण मला अक्का म्हणायचा. आईला 'अम्मा' म्हणायचा. आई एकदा म्हणाली, "वेंकोबण्णा, कधी बायकोला घेऊन या की." तर म्हणाले, "बरी नसते हो ती." त्या काळी निम्म्या चामराजपेटेतल्या बायका 'बऱ्या नसायच्या'. आम्ही पुढे काही विचारलं नाही.

लवंगेच्या तेलाचा वास यायचा कारण वेंकोबण्णा दातांच्या डॉक्टरांकडे कंपौंडर होते. डॉक्टर विलायतेत शिकून आलेले. हात हलका, पण भाषा एकच, इंग्रजी. दात काढण्याआधी हिरडीत सुई देऊन पाच मिनिटं थांबायचे आणि विचारायचे, "नंब?" म्हणजे बधिर झालं का? आता आमच्या गावाची खोड अशी, की समोर मोठा माणूस आदबीनं काही विचारतोय म्हटल्यावर नाही म्हणायचं कसं? शब्द कळो न कळो, माणसं मान हलवायची आणि म्हणायची, सरी.

एकदा पेटेतल्या रेशमाच्या दुकानाचे मालक खुर्चीत बसले. चांगला दीडशे शेराचा माणूस. डॉक्टरांनी विचारलं, "नंब?" ते म्हणाले, "सरी." डॉक्टरांनी चिमटा लावला. त्यानंतर जो आवाज निघाला तो ऐकून बाहेरच्या बाकावरची चार माणसं उठून घरी गेली. त्यातल्या एकाची दाढ तर तेव्हापासून दुखायचीच थांबली म्हणतात.

त्या दिवसापासून विचारायचं काम वेंकोबण्णांनी आपल्याकडे घेतलं. आणि त्यांनी विचारणंच बंद केलं. ते म्हणाले, माणूस तोंडानं खोटं बोलतो, ओठ बोलत नाहीत. सुई दिली की ते खुर्चीपुढे स्टूल ओढून बसायचे आणि विनोद सांगायचे. विनोद त्यांना एकच येत होता. एका आजोबांनी रात्री कवळी काढून काचेच्या पेल्यात ठेवली. सकाळी नातू उठला आणि ओरडला, "अज्जा, अज्जा, पेला हसतोय!"

बस. एवढाच विनोद. पण तो ते कानडीत सांगत, मराठीत सांगत, तमिळ, तेलुगू, दख्खनीत सांगत, आणि सांगून झाला की ओठांच्या कोपऱ्यांकडे बघत. दोन्ही कोपरे वर गेले तर अजून वेळ आहे. एकच वर गेला आणि दुसरा सासरी आल्यासारखा गप्प बसला, तर आत आवाज द्यायचे, "रेडी, सर!" एकदाही चुकले नाहीत. डॉक्टरांना तो विनोद कधीच कळला नाही, पण त्यांचा त्याच्यावर फार विश्वास होता.

बधिर होणं कोण कसं सांगतं, याचा त्यांनी तिथे बसून अभ्यासच केला होता. "कानडी माणूस म्हणतो, जोमु हिडीतु. म्हणजे जोम येऊन धरतो. दख्खनीवाले म्हणतात सुन्न. आपल्या मराठी बायका म्हणतात मुंग्या आल्या." त्यातल्या एका आजीबाईंच्या मुंग्या त्यांनी नवीन असताना साहेबांना जशाच्या तशा इंग्रजीत सांगितल्या होत्या, "सर, ॲंट्स हॅव कम." डॉक्टर पाय वर घेऊन उभे राहिले आणि खुर्चीखाली फवारा मारून घेतला म्हणे. आजीबाई तोंड उघडून तशाच बसलेल्या.

तर हा माणूस दर रविवारी औषधाच्या खोक्याच्या तुकड्यावर आठवडाभरात ऐकलेले दोन-तीन इंग्रजी शब्द लिहून आणायचा. मी अर्थ सांगायला लागले की हात वर करायचा. "अर्थ नको अक्का. अर्थ डॉक्टर सांगतात. माहेर सांगा."

शब्दाचं माहेर! एखादा शब्द ग्रीकांच्या घरचा निघाला की खूश व्हायचे. "मोठं घराणं," म्हणायचे. एखाद्याचं मूळ सापडलं नाही आणि डिक्शनरीनं 'ठाऊक नाही' म्हणून हात वर केले, तर त्यांचा चेहरा उतरायचा. "पोरकं आहे बिचारं," म्हणायचे आणि त्या शब्दापुढे एक टिंब काढून ठेवायचे. असे पोरके शब्द ते पुढच्या रविवारी पुन्हा विचारायचे. आठवड्यात कुणी घ्यायला आलं असलं तर? मी कपाळावर हात मारायची.

मधे सहा महिने मात्र त्यांना आमच्या घरात मज्जाव होता, तो का ते सांगते. मला बघायला हुबळीकडचे लोक आले होते. घरात पुरुष माणूस दिसायला हवा म्हणून आईनं वेंकोबण्णांना बोलावलं. ते कोट घालून, टोपी नीट करून खुर्चीत बसले. पोह्यांच्या बशा फिरल्या. मुलगा कसल्याशा बोलण्यावर हसला. झालं. वेंकोबण्णा खुर्चीतून पुढे वाकले. उजवा कोपरा बघितला, डावा बघितला, पुन्हा उजवा.

"डावी बाजू स्वल्प मागं आहे," ते म्हणाले.

"कसली बाजू?" मुलाच्या मामांनी विचारलं.

"हसण्याची. आस्पत्रीत दाखवून घ्या. आजच. वाटेतच. उशीर करू नका हो."

पोहे बशीत राहिले. माणसं जटक्यात बसून स्टेशनावर गेली. मुलाचं हसू जन्मापासूनच तसं होतं असं मागून पत्रानं कळलं, पत्रात बाकीचंही बरंच काही होतं. आईनं वेंकोबण्णांना नाही नाही ते सुनावलं. खरं सांगायचं तर मला उकळ्या फुटत होत्या, कारण मुलगा दहा मिनिटांत तीन इंग्रजी शब्द चुकीचे उच्चारला होता आणि माझ्या मनातून तेव्हाच उतरला होता. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात राहिली. आई बोलत होती तेव्हा वेंकोबण्णा हातातली टोपी चुरगळत पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते, "पण उशीर नको होता, अम्मा. उशीर झाला तर?" मला वाटलं, आईला भ्यालेत.

सहा महिने ते दर रविवारी फाटकापाशी यायचे, उभे राहायचे, आणि मी खिडकीतून त्यांना शब्दांची माहेरं ओरडून सांगायची. शेवटी आईलाच शरम वाटली. म्हणाली, "घे बाई त्याला आत. लोकांना वाटतं आपण काही विकतोय."

आत आले त्या पहिल्या रविवारी त्यांच्या खोक्याच्या तुकड्यावर एकच शब्द होता. नंब.

"रोज वीस वेळा ऐकता तो," मी म्हटलं, "आणि आज विचारताय?"

"भीती वाटायची अक्का. माहेर वाईट निघालं तर?"

मी पान काढलं. आधी उच्चार दुरुस्त केला, कारण मी दुरुस्त करणारच. म्हटलं, शेवटचा ब म्हणायचा नाही, नुसतं नम. "मग तो कशाला आलाय?" त्यांनी विचारलं. मी वाचून सांगितलं, तो मूळचा नव्हेच, मागाहून येऊन बसला. "असतो एकेका घरात असा," ते म्हणाले. "कामाला नाही, पंक्तीला हजर."

मग मी मूळ वाचलं. जुन्या इंग्रजीत एक क्रियापद होतं, त्याचा अर्थ घेणं. त्यावरून हा शब्द. नम म्हणजे मुळात घेतलेला, पकडून नेलेला. थंडीनं नेलेला, वाऱ्यानं नेलेला. आणि जो झटकन घेतो तो निंबल, म्हणजे चपळ, तोही त्याच घरचा.

वेंकोबण्णांनी खोक्याचा तुकडा मांडीवर पालथा ठेवला. 

"म्हणजे गेलेलं नव्हे," ते म्हणाले.

"काय?"

"बधिर होतं ते गेलेलं नसतं. नेलेलं असतं. गेलं आणि नेलं यांत फरक आहे ना, अक्का? गेलं म्हणजे संपलं. नेलं म्हणजे कुणाकडे तरी आहे."

"मुळात तसा अर्थ आहे खरा," मी म्हटलं.

ते उठले, आईला न सांगता, कॉफी न पिता निघून गेले. फाटकाशी थांबून मोठ्यानं म्हणाले, "सरी! सरी!" कुणीही हसलेलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी माझा जीव नकोसा केला. मंगळवारी आले, "पुस्तक घरी आहे का? तेच पान स्वल्प दाखवा." गुरुवारी आले, तेच पान. शनिवारी मी दोन वर्गांच्या वह्या तपासत बसले होते, मान मोडून आली होती, तर दारात हजर. "अक्का, त्या शब्दाच्या खाली, किंवा मागच्या पानावर, परत देण्याचं काही लिहिलंय का? ज्यानं नेलं तो परत देतो, असं काही?"

मी पेन्सिल आपटली. "वेंकोबण्णा, ही डिक्शनरी आहे, पोलीस ठाणं नाही! चोरीचा माल इथे परत मिळत नाही. एक शब्द आहे, त्याचा एक अर्थ आहे, तो रोज रोज बदलत नाही. पुरे आता!"

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सरी, अक्का," आणि चपला घालून गेले.

पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आई म्हणाली, "काय बोललीस त्याला?" मी म्हटलं, "खरं तेच बोलले." आई म्हणाली, "मग बरोबर."

आणि मग माझी दाढ उठली. डावीकडची, खालची. दोन दिवस लवंग चावून काढले, तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं दवाखान्यात गेले. वेंकोबण्णा समोर आले तर काय बोलायचं याची वाटेत तयारीही केली. पण स्टूल रिकामं होतं. डॉक्टर म्हणाले, वेंकोबराव रजेवर आहेत, बायकोला ताप येतोय. त्यांनी सुई दिली, घड्याळात बघितलं आणि विचारलं, "नंब?"

झालं नव्हतं. अजिबात झालं नव्हतं. मी इंग्रजीची टीचर, तो शब्द मला माहेरासकट ठाऊक. पण डॉक्टर इतक्या आदबीनं वाट बघत होते, बाहेर माणसं खोळंबली होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "येस, डॉक्टर."

पुढचं सांगत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. रेशमाचे मालक परवडले असं बाहेरच्यांनी म्हटलं असेल. आणि गंमत अशी, की दाढ निघाली, तोंडात कापूस कोंबला, मी रस्त्याला लागले, आणि मग गाल बधिर व्हायला लागला. बैल गेला आणि झोपा केला!

चालता चालता मला ते रिकामं स्टूल दिसत होतं. त्या माणसानं एका विनोदावर गावाचे दात बिनबोभाट काढले, आणि मी त्याला पोलीस ठाणं ऐकवलं. लाज वाटली. सरळ घरी गेले, खणातून डिक्शनरी काढली आणि पिशवीत घातली. आई बघत राहिली. वडिलांचा दंडक मोडला तो असा.

वेंकोबण्णांचं घर आमच्यापासून दोन रस्ते सोडून. दोन खोल्या, पुढे पडवी. मी कडी वाजवली. त्यांनी दार उघडलं. मी ओशाळून हसले, म्हणजे जेवढं हसता आलं तेवढं.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"डावी बाजू! अक्का, डावी बाजू गेली! केव्हापासून? हात वर करा. दोन्ही हात वर करा! बसा, बसा, मी जटका आणतो..."

"दाद," मी म्हटलं. मला दाढ म्हणायचं होतं. "दाद काढली. आत्ता." आणि सुजलेल्या गालाकडे बोट दाखवलं.

ते पडवीच्या पायरीवर मटकन बसले. टोपी काढून तिनंच तोंड पुसलं. मग म्हणाले, "रेडी कुणी म्हटलं?"

"मीच," मी म्हटलं. "मीच येस म्हटलं."

ते आधी माझ्याकडे बघत राहिले, आणि मग इतके हसले की आतून बाईचा आवाज आला, "कोण आहे हो?" आवाज जड होता, जिभेवर ओझं ठेवल्यासारखा.

खिडकीपाशी खाटेवर तुळजाक्का बसल्या होत्या, वेंकोबण्णांची बायको. ताप उतरला होता, पाठीला दोन उशा लावल्या होत्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला, म्हणजे कुणीतरी उचलून तिथे ठेवलेला. मला बघून त्या हसल्या, तर ओठाचा डावा कोपरा वर गेला आणि उजवा जागचा हलला नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि ते ओठांच्या कोपऱ्यांकडे बघणं, तेराव्याचं, हुबळीकरांचं सगळं एकदम उमगलं.

"आठ वर्षं झाली, वारं गेलं अंगावरनं," वेंकोबण्णा म्हणाले. मग एकदम उजळून म्हणाले, "पण आता येतंय, अक्का! तुम्ही सांगितलंत ना, नेलेलं आहे म्हणून. त्या दिवसापासून मी रोज मागतोय. बघा हं."

त्यांनी दवाखान्यातला कापूस घेतला, वातीसारखं टोक काढलं. तुळजाक्कांनी डोळे मिटून घेतले. ते खाटेपाशी गुडघ्यावर बसले, एक श्वास आत घेतला, धरला, आणि कापसाचं टोक तुळजाक्कांच्या उजव्या हाताच्या पाठीला अगदी हळू लावलं.

"हं," तुळजाक्का म्हणाल्या.

ते थांबले. पुन्हा श्वास, पुन्हा कापूस. "हं." करंगळीला. "हं." एकदा चुकल्या, पण पाचांतले चार!

"बघितलंत?" वेंकोबण्णांचे डोळे भरून आले होते. "मोठ्या आस्पत्रीत म्हणाले होते, संपलं. आणि इथे पाचांत चार. तुमच्या पुस्तकाचे उपकार, अक्का. थांबा, कॉफी करतो." आणि ते आतल्या खोलीत गेले. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायला लागला.

तुळजाक्कांनी डोळे उघडले आणि आतल्या दाराकडे बघितलं. मग डाव्या हातानं मला जवळ बोलावलं.

"मला काही कळत नाही हो, टीचर," त्या हळूच म्हणाल्या. "कापूस नाही नि काही नाही. ते लावायच्या आधी श्वास धरतात. तो ऐकू येतो. मग मी हं म्हणते. मधेच एखादं सोडते, नाहीतर संशय यायचा."

मी नुसती खाटेच्या कडेवर टेकले. माझं अर्धं तोंड तसंही चालत नव्हतं.

"काय करू?" त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सकाळी मी ह्यांना कॉफी दिली. हसले म्हणे, वाकडं. ह्यांना दवाखान्याची घाई, ह्यांनी बघितलं नाही. दुपारी मी पडले. दिवसाला इतकी तोंडं बघतो आणि तुझं बघितलं नाही, हे आठ वर्षं म्हणतायत. मी म्हणते होगली, जाऊ दे, हात गेला तर गेला, दुसरा आहे की. पण ऐकत नाहीत. आता हे पुस्तकाचं निघाल्यापासून रात्रीचे झोपायला लागलेत. सांगू नका हं त्यांना."

मला, जिनं वाण्याची पाटी सोडली नाही, तिला त्या म्हणत होत्या सांगू नका. मी मान हलवली. आणि मोठ्या तोऱ्यानं काहीतरी धीराचं बोलायला म्हणून उजवीकडून बोलायला गेले, तर तोंडातला कापूस निसटून हनुवटीवर आला आणि तिथेच लोंबत राहिला. मला पत्ताच नाही! तुळजाक्कांनी बघितलं आणि त्या हसायला लागल्या. डोळे मिटून, खाट हलेपर्यंत हसायला लागल्या. मी हात लावून बघते तो कापूस, मग मीही हसायला लागले. त्यांचा डावा कोपरा वर, माझा उजवा. दोघींचं मिळून कसंबसं एक हसू झालं.

तेवढ्यात वेंकोबण्णा आतल्या दारात आले. दोन्ही हातांत कॉफीचे पेले. आम्हां दोघींना हसताना बघून ते जागीच उभे राहिले. उजवा कोपरा, डावा कोपरा. आणि त्यांनी श्वास आत घेतला आणि धरला.

तुळजाक्कांचे डोळे मिटलेलेच होते. हसता हसताच, सवयीनं, त्या म्हणाल्या, "हं."

वेंकोबण्णा खाटेपासून चांगले सहा हात लांब होते. त्यांनी तिच्या हाताकडे बघितलं. मग आपल्या दोन्ही हातांतल्या पेल्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. पहिल्यांदाच माझ्या ओठांकडे न बघता डोळ्यांत बघितलं. मला रडू यायला लागलं होतं, आणि त्यांना ते दिसलं असणार.

तुळजाक्कांनी डोळे उघडले तोवर ते खाटेपाशी येऊन पोचले होते. त्यांनी एक पेला तिच्या डाव्या हातात दिला, तिची बोटं त्याच्याभोवती नीट बसवली आणि म्हणाले, "दोन्ही बाजू सरी."

डिक्शनरी मी पिशवीतून काढलीच नाही.

पुढच्या रविवारी दहाला ते दारात हजर होते. "टीचरक्का, पुस्तक घरी आहे का?" खोक्याच्या तुकड्यावर तीन नवे शब्द. नंबचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, मीही नाही. मला वाटलं, कापसाचा तो खेळ आता बंद झाला असेल.

दोन-तीन महिन्यांनी आईनं केलेले लाडू द्यायला मी त्यांच्याकडे गेले, तर वेंकोबण्णा दवाखान्यातून यायचे होते. तुळजाक्का खिडकीत बसल्या होत्या. मी विचारलं, "ते अजून कापूस लावून बघतात?"

"रोज!" त्या म्हणाल्या. "एक दिवस चुकत नाही. पण वय झालं हो ह्यांचं, टीचर. पूर्वी श्वास धरायचे तो कान देऊन ऐकावा लागायचा. हल्ली केवढा आवाज करतात! पडवीत ऐकू येईल. छातीत काही बिघडलं नसेल ना?"

मी पिशवीतल्या लाल पेन्सिलीशी चाळा करत बसले.

"नाही हो," मी म्हटलं. "वयच झालंय."